टोपलीखालचे पाय

दिवाळी उलटली की आमच्या भिवंडीच्या दुकानासमोरून पेंढ्याचे टेम्पो जायला लागतात. अंबाडीकडून येतात, इतके लादलेले की मागून बघणाऱ्याला टेम्पो दिसतच नाही, नुसती पेंढ्याची गंजी आपली आपण डुलत चाललेली दिसते. ट्रकच्या धुरात, कंटेनरच्या भोंग्यात त्या गंजीचा वास घटकाभर दुकानात शिरतो आणि निघून जातो. नव्या भाताचा वास. ज्यानं लहानपणी खळ्यावर लोळून अंगाला खाज लावून घेतली आहे, त्याला तो ओळखायला वेळ लागत नाही. समोर गिऱ्हाईक बाथरूमला कोणती लादी शोभेल ते विचारत असतं, मी त्याला दोन-चार नमुने दाखवत असतो, आणि काउंटरखाली माझे पाय आपोआप मागे सरकतात. इतरांना या वासानं भूक लागते. मला लाज वाटते.

माझे पाय जळतात. वाक्य किती साधं आहे. पण घराबाहेर पायांचा विषय निघाला की मी दुसरंच काही बोलायला लागायचो. डॉक्टरांनी पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा म्हणाले, साखरेनं पायांच्या नसांची टोकं खाल्ली आहेत, हे दुखणं नसांचं आहे, मुळापासून जाणार नाही, त्याच्याशी जमवून घ्यायला शिका. मी विचारलं, जमवून घ्यायचं म्हणजे काय करायचं? ते म्हणाले, सोसेल ते वापरा, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. दुखणंही असं चोरटं की दिसायला पाय ठणठणीत. सूज नाही, जखम नाही, लंगडणं नाही. प्लास्टर घातलेल्या माणसाला रस्त्यातले अनोळखीसुद्धा थांबून विचारतात. माझे पाय बघून कोणी म्हणेल, शेटचे पाय काय गोरे गुळगुळीत आहेत. आणि त्याच पायांवर संध्याकाळनंतर नुसती चादर पडली तरी कोणी गोणपाट घासतंय असं वाटतं.

तेव्हा सोसेल ते वापरत गेलो, आणि बघता बघता माझा एक वेगळाच संसार उभा राहिला. दुकानात काउंटरखाली एक निळा टब. त्यात गार पाणी, त्यात माझे पाय. वरून बघणाऱ्याला इस्त्रीचा शर्ट, गळ्यात चेन, समोर कॅल्क्युलेटर, सगळं शेटसारखं. टबातून पाय काढले की ते टॉवेलनं टिपून एका लादीवर ठेवायचे. लाद्यांचं दुकान असल्यामुळे ती चैन मला फुकट आहे. कोणती लादी किती वेळ गार राहते हे मला आता पक्कं ठाऊक आहे, पण ते गिऱ्हाइकाला सांगायची सोय नाही. मोजे मी उलटे घालतो, कारण आतली शिवण बोटांना विंचवासारखी डसते. त्यावर फोमच्या चपला. त्या माझ्या मापाच्या फक्त गुलाबी रंगात मिळाल्या. दुकानदार म्हणाला, लेडीज आहेत, पण मऊ आहेत. मी म्हटलं, मिसेससाठीच हव्यात.

रात्रीची व्यवस्था निराळी. आई गेल्यावर तिची जुनी लुगडी कोणाला द्यायची म्हणून निघाली, तेव्हा मी त्यातलं एक मागून घेतलं. धुऊन धुऊन ते इतकं विरलं होतं की हातात धरलं तर धरल्यासारखं वाटत नव्हतं. बहिणींना वाटलं, धाकट्याचा आईवर जीव. त्याच्या पट्ट्या फाडून मी पायांना गुंडाळतो, हे त्यांना अजून ठाऊक नाही. आणि चादरीचं ओझं पायांवर येऊ नये म्हणून पलंगाच्या पायथ्याशी टोपली. आपली साधी बांबूची, भाजीवाल्या बायकांच्या डोक्यावर असते ती. ती पायांवर पालथी घालायची आणि तिच्यावरून चादर ओढायची. पहिल्या रात्री माझ्या बायकोनं, सुनंदानं, दिवा मालवायच्या आधी त्या उंचवट्याकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “आत कोंबडी बसवलीय का अंड्यांवर?” दोघंही खूप हसलो. मग ती कुशीवर वळली आणि मी त्या टोपलीकडे बघत पडून राहिलो.

काशाची वाटी तिचीच सूचना. तळव्याला तूप लावून वाटीनं घासायचं, तळवा काळा पडेपर्यंत. उष्णता उतरते म्हणतात. उतरते की नाही ते मला सांगता येणार नाही, पण वाटी फिरत असते तेवढा वेळ बरं वाटतं हे खरं. मात्र ती फिरवायला सुनंदाला माझ्या पायाशी बसावं लागतं. तिचे गुडघे कुरकुरतात. ती जमिनीवर, मी पलंगावर, माझा पाय तिच्या मांडीवर. हे चित्र मला बघवत नाही. मी चार घासण्यांतच म्हणतो, पुरे, राहिलं आता. एकदा ती चिडून म्हणाली, “तुमच्या पायाला बरं वाटतंय ते तुमच्या तोंडाला का सोसत नाही?”

आणि एक ठिकाण आहे, ते कोणाला खरं वाटणार नाही. दुकानाच्या मागे इद्रिसभाईंचा यंत्रमागांचा, म्हणजे लूमचा, कारखाना आहे. आत पाऊल टाकलं की बोललेलं ऐकू येत नाही. पण तिथली फरशी सबंध वेळ थरथरत असते. एकदा काही कामानं गेलो, बाकावर टेकलो, पाय फरशीवर ठेवले, आणि माझ्या पायांतल्या मुंग्या त्या थरथरीत कुठेतरी हरवून गेल्या. तेव्हापासून दुपारी मी तिकडे जाऊन बसतो. इद्रिसभाईंना आधी कळेना. कानाशी तोंड आणून ओरडून म्हणाले, “शेटजी, इधर से लोग कान पकड के भागते हैं, आप आराम करने आते हो?” मी म्हटलं, मला लूमचा आवाज आवडतो. त्या भल्या माणसाला ते इतकं पटलं की त्यांनी साऱ्या गल्लीत सांगितलं, आपले शेट लूमचे शौकीन आहेत. आता मी गेलो की एखादा कारागीर उठून बाक पुसतो. मी मान डोलावतो आणि आवाज ऐकत असल्यासारखा चेहरा करून बसतो.

या सगळ्या वस्तूंनी मला सुख दिलं आणि सगळ्यांनी मला खोटारडा केलं. चपला काढाव्या लागतील म्हणून मी देवळात जाणं सोडलं, रस्त्यावरूनच हात जोडतो. लोक म्हणाले, देव सोडला. आमच्यात हळदीला नाचला नाही तो घरचा नव्हे. बँडच्या तालावर म्हातारी माणसंसुद्धा पहाटेपर्यंत पाय थांबवत नाहीत. मी खुर्चीत बसून राहिलो. लोक म्हणाले, आता नाचायला लाज वाटते. एकदा सख्खे मामा दुकानात आले. काठी टेकत, पायऱ्या चढून. मी उठून पाया पडायला हवं होतं, पण पाय टबात होते, ओले पाय घेऊन उठलो असतो तर सगळंच उघडं पडलं असतं. बसल्या बसल्या म्हटलं, या मामा, बसा. मामा बसले नाहीत. उभ्या उभ्याच सुनेच्या ओट्यासाठी लादी बघितली आणि गेले. त्यानंतर गावात माझं नाव निघालं की पुढे एकच शब्द लागायचा, गोडाऊनवाला. म्हणजे गोडाऊनला दिलेल्या जमिनीचा पैसा डोक्यात गेलेला.

मी ते कधी खोडलं नाही. खरं सांगायचं तर ते मला सोयीचं होतं. माजला म्हटलेलं सहन होत होतं, पण दुखतंय म्हणणं जमत नव्हतं. आमच्या घरात पायाचं दुखणं हे दुखणं धरतच नसत. बाबा मानकोलीजवळच्या आमच्या गावातून डोक्यावर गवताचा भारा घेऊन कशेळीच्या खाडीपर्यंत अनवाणी जायचे. काटा रुतला तर एका पायावर उभं राहून सेफ्टी पिन घालायची, काटा काढून फेकायचा, चालायला लागायचं. भारासुद्धा खाली उतरवायचे नाहीत. त्यांच्या टाचांच्या भेगांत उन्हाळ्यात माती बसायची आणि पावसाळ्यात धुऊन निघायची. त्या माणसाचा मुलगा मी, आणि मला मोज्याची शिवण टोचते. हे कोणाला सांगायचं?

सुगी आली की मात्र कसोटी लागायची. शेजारच्या शेतांवर एकेक करून भराव पडला, तिथे पत्र्याची गोडाऊनं उभी राहिली. आमच्याही बऱ्याच जमिनी गेल्या. राहिलं होतं ते तळ्याकडचं एक शेत, तिन्ही बाजूंनी गोडाऊनच्या भिंती, चौथ्या बाजूला बांध. ते माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या आणि माझ्या नावावर आहे. दादा ते कसतो. मी भिवंडीत राहतो, तो गावात. पण बाबांच्या वेळेपासून आमच्या घरची एक रीत आहे. झोडणी होऊन भाताची रास लागली की पोत्यात भरायच्या आधी घरच्या पुरुषांनी राशीभोवती अनवाणी फेरी मारायची. थोरला पुढे, धाकटा मागे. मग नारळ फोडायचा, आणि मगच पहिलं सूप भरायचं. शेणानं सारवलेल्या खळ्यावर चपला घालून उतरणं म्हणजे ताटात पाय ठेवण्यासारखं. मोजे घालून उतरायचा विचार तर आमच्या गावात अजून कोणाच्या डोक्यात आलेला नाही.

पाय जळायला लागले त्या वर्षापासून मी ती फेरी चुकवायला शिकलो. एकदा मुद्दाम उशिरा पोचलो. एकदा सुनंदाला ताप आणवला. मग एका वर्षी गेलो, पण बांधावरच उभा राहिलो, चपला घालून, आणि दादाला म्हटलं, तूच मार फेरी, माझं काय अडलंय. दादानं माझ्या मोज्यांकडे बघितलं, गुलाबी चपलांकडे बघितलं, आणि एकटाच राशीभोवती फिरून आला. त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी नवीन धोशा लावला. हे शेतही भरावाला देऊन टाकू. भाऊबीजेला सगळे जमले की मी विषय काढायचो. मजूर मिळत नाहीत. गोडाऊनचं प्लास्टिक शेतात येतं. उंदीर वाढले. तिन्ही बाजूंच्या भरावामुळे पाणी तुंबतं. माझं एकेक म्हणणं खरं होतं, ऐकणारे माना डोलवायचे, आणि दादा पानाला चुना लावत म्हणायचा, “मी हाय तवर हाय.” माझं खरं कारण यातलं कुठलंच नव्हतं. शेत गेलं की खळं जाईल, खळं गेलं की फेरी जाईल. मला दर वर्षीच्या त्या चार पावलांतून सुटका हवी होती. त्यासाठी मी बापाचं शेवटचं शेत मातीखाली घालायला निघालो होतो, आणि वर व्यवहारी म्हणून मिरवत होतो. ज्या सुगीबद्दल सांगतो आहे, तिच्या सुरुवातीला दादाचा फोन आला. कापणी लागली म्हणाला. मग म्हणाला, “बारक्या, एकट्यानं फेरी मारून काय गोड न्हाय लागत. आवंदा रास झाली का बोलू आपन. तू बोलशील तसा करू.”

म्हणजे दादा हरला होता. मी जिंकलो होतो. फोन ठेवला तेव्हा मला हलकं वाटलं, आणि ते हलकं वाटणं आठवलं की आजही मला आरशात बघवत नाही.

झोडणीच्या दिवशी मी गेलो. न जाऊन कसं चालेल, शेवटचीच झोडणी ती. त्या दिवसाचं सगळं अजून स्पष्ट आठवतं. अंबाडीकडून आलेली माणसं फळीवर पेंढ्या आपटत होती, प्रत्येक आपटीला दाणे उडून पत्र्याच्या भिंतीवर टणटण वाजत होते. गोडाऊनमधून फोर्कलिफ्टचा पी-पी आवाज येत होता. भुसा उडून उन्हात तरंगत होता. दादा कमरेला टॉवेल बांधून पेंढ्या पुरवत होता, अनवाणी, कापलेल्या भाताच्या टोकदार खोडांवरून ये-जा करत. मी बांधावर खुर्ची टाकून बसलो होतो, उलटे मोजे, वर बूट. दादाकडे बघून माझ्या मनात आलं, याचे पाय आहेत की लाकूड. देवानं एकाच आईच्या पोटी दोन जातीचे पाय कसे दिले, याचा मी खरोखरच विचार करत होतो.

दुपारी ऊन चढलं म्हणून मी शेताच्या कडेच्या खोपटात सावलीला गेलो. वहिनी तिथे जेवण वाढायच्या गडबडीत होत्या. एका कोपऱ्यात ओलं गोणपाट झाकलेलं घमेलं होतं. मला वाटलं, आत पाण्याचा माठ गार करायला ठेवलाय. गोणपाट उचललं तर आत चिखल. तळ्यातला काळा, गार, मऊ मळलेला चिखल, आणि त्यात दोन पावलांचे खोल ठसे. मी वहिनींकडे बघितलं. त्यांनी आधी बाहेर बघितलं, दादा लांब आहे याची खात्री केली आणि हातातलं भांडं खाली ठेवलं.

“भावजी, बघितलात ता बघितलात, त्यांना बोलू नका,” त्या म्हणाल्या. “तेंचे पाय जलतान. लई वर्सा झाली. तुमच्या बाबांनाबी शुगर व्हती, तीच. रातचा झोप न्हाय. मी तल्यावरशी चिखल आनून ठेवतंय, त्यान पाय घालून बसतान.”

मी खाली बसलो. त्या हळू आवाजात सांगत राहिल्या. पावसाळाभर दादा बरा असतो. लावणीला गुडघाभर चिखलात उतरला की त्याच्या चेहऱ्यावर हसू येतं. माणसं म्हणतात, याला शेतीचं वेड आहे. पाणी आटलं, जमीन सुकली की हाल सुरू होतात, आणि सुगीत तर प्रत्येक खोड पायात सुरीसारखं जातं. मी विचारलं, मग चपला का घालत नाही? वहिनी म्हणाल्या, घालाला सांगितल्या, तर बोलतान, बारक्या बघंल.

मला कळलं नाही. मी बघीन म्हणजे काय?

“तुमाला कललं का दादाचं पाय गेलं,” वहिनी म्हणाल्या, “तर तुमी बोलाल, आता शेत कशाला ठेवाचा. भराव टाकाल. म्हनून तुमच्याफुडं ते ताठ चालतान. फोनवर तसा बोलले, तरी तेंची आस सुटली न्हाय.”

बाहेर झोडणी चालूच होती. वहिनींनी घमेल्यावर गोणपाट पुन्हा नीट झाकलं, कडा खाली खोचल्या. मी जेवलो नाही, पोट बरं नाही म्हटलं. बाहेर येऊन पुन्हा बांधावरच्या त्या खुर्चीत बसलो. पण आता मला दादा दिसत होता. आता मला कळत होतं की तो पाऊल आधी कडेवर ठेवतो, मग हळूच सपाट करतो, अंगठा उचललेला. वळताना पेंढीचा आधार घेतो. मधेच पाणी प्यायच्या निमित्तानं थांबतो आणि तांब्यातलं अर्धं पाणी पायावर सांडतो, चुकून सांडल्यासारखं. या सगळ्या माझ्याच युक्त्या. मी त्या माझ्या घरात, दाराआड, पंख्याखाली करतो. तो त्या उन्हात करत होता, आणि ते शेत माझ्यापासून वाचवायला करत होता. मी उठून त्याच्याकडे जायला हवं होतं. गेलो नाही. लोकांसमोर काय बोलणार, असं स्वतःला सांगितलं आणि ऊन उतरल्यावर गाडीत बसून भिवंडीला परत आलो.

रास लागेपर्यंतचे मधले दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. लाज वाटते असं आपण सहज म्हणतो, पण मला वाटायचं की ती मानेच्या मागच्या बाजूला बसते. माणूस समोर बोलत असला तरी मान खाली ओढते. सुनंदा वाटी घेऊन आली तर मी पाय वर ओढून घेतले. टबात पाणी भरलं नाही. त्यानं काय साधणार होतं? माझे पाय जळाले म्हणून दादाचे थोडेच निवणार होते. पण ही सगळी सुखाची सामग्री अंगावर यायला लागली. आमच्या दोघांच्या मध्ये एक फोन करण्याइतकंच अंतर होतं. एकानं जरी तोंड उघडलं असतं, तर दोघांनी एकमेकांना औषधं सांगितली असती, डॉक्टर सांगितले असते, कशानं आग वाढते ते बोललो असतो. म्हाताऱ्या बायका गुडघ्यांबद्दल बोलतात तसं बोललो असतो. आणि आम्ही दोघं, बाबांचे मुलगे, भारा खाली न ठेवता चालत राहिलो होतो.

राशीच्या दिवशी सकाळी सुनंदानं मोजे उलटे करून पुढे ठेवले. मी ते घातले, शेतापर्यंत गेलो आणि बांधावर बसून काढले. फोमच्या चपलाही काढल्या. सकाळचं दव होतं, माती गार होती, पहिल्या पावलांना वाटलं, अरे, जमतंय की. मग खळं लागलं. सारवलेली जमीन वाळून कडक झालेली, तिच्यावर सांडलेले दाणे, आणि एकेका दाण्याला टोक. तव्यावरच्या चटक्यासारखी कळ टाचेतून वर गेली. मी ओठ मिटून घेतले आणि कडेवर पाऊल टेकून, अंगठा उचलून, पुढचं पाऊल टाकलं.

दादा राशीच्या पलीकडे नारळ घेऊन उभा होता. मला अनवाणी बघून त्याचा चेहरा आधी उजळला. मग तो माझ्या पायांकडे बघत राहिला. दोन पावलं बघितली, तिसरं बघितलं. त्यानं नारळ वहिनींच्या हातात दिला आणि माझ्याजवळ आला.

“कवापासून?” त्यानं विचारलं.

काय कवापासून, असं मला म्हणता आलं असतं. इतकी वर्षं तसंच म्हणत आलो होतो. मी म्हटलं, “बरीच वर्षं झाली.”

त्यानं वहिनींकडे बघितलं. वहिनींनी पदर तोंडाशी नेला. त्यावरून त्याला उरलेलं समजलं, की मलाही त्याचं ठाऊक आहे. आमच्याभोवती माणसं उभी होती, कोणाला काही कळत नव्हतं, कोणीतरी उदबत्ती पेटवत होतं. दादा अगदी खालच्या आवाजात म्हणाला, “म्हंजे भराव टाकू, भराव टाकू बोलत व्हतास, ता या फेरीसाठी?”

मी हो म्हटलं. त्याच्या तोंडाकडे बघून म्हणायला हवं होतं, पण मी त्याच्या पायांकडे बघून म्हटलं. काळपट, भेगाळलेले, बाबांचे होते तसेच पाय. बोटं किंचित वर उचललेली.

मला वाटलं, आता तो रागावेल. त्यानं रागावायलाच हवं होतं, आणि मी त्याची वाट बघत होतो. दादानं माझ्या काखेत हात घातला. आधार मला दिला की स्वतःला घेतला, ते कळलं नाही. थोरला पुढे आणि धाकटा मागे ही रीत मोडून आम्ही बरोबर चालायला लागलो. फार हळू चाललो. अर्ध्या फेरीत तो थांबला, मीही थांबलो, दोघांनी श्वास घेतला. बांधावरून कोणी बाई म्हणाली, बघा कसं मन लावून फेरी घालतायत दोघं भाव. आम्ही दोघांनीही मान वर केली नाही.

फेरी पुरी होत आली तशी दादानं राशीवर नजर ठेवून, जणू भाताशीच बोलावं तसं म्हटलं, “फुडल्या पावसाला लावनीला ये. चिखलान दोगांना उबा रावाला जागा हाय.”